इंग्लंडला त्यांच्याच घरात ६-१ नं हरवणारा कृष्णवर्णीय कॅप्टन, ज्याला जग १०० वर्षं विसरून गेलं

तारीख १२ मार्च १८८१. ठिकाण लंडनचं ओव्हल ग्राउंड.

ओव्हल म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं. १९७१ साली अजित वाडेकरांच्या टीमनं इंग्लंडला त्यांच्याच देशात पहिल्यांदा टेस्टमध्ये हरवलं, ते याच ग्राउंडवर. पण वाडेकरांच्याही ९० वर्षं आधी इथं इंग्लंडची पार धुलाई झाली होती, आणि तीही फुटबॉलमध्ये. तेव्हा वेम्बली स्टेडियम नव्हतं. त्यामुळं लंडनमधल्या फुटबॉलच्या मोठ्या मॅचेस ओव्हलवरच व्हायच्या.

समोर होतं स्कॉटलंड. मॅच संपली तेव्हा स्कोअर होता, स्कॉटलंड ६ आणि इंग्लंड १.

या गोष्टीला आता १४० हून जास्त वर्षं झाली. मधल्या काळात इंग्लंडनं वर्ल्ड कपही जिंकला. पण घरच्या ग्राउंडवर याहून मोठ्या फरकानं इंग्लंड आजपर्यंत एकदाही हरलेलं नाही.

त्या दिवशी स्कॉटलंडचा कॅप्टन होता २४ वर्षांचा एक पोरगा. देशाकडून खेळायची त्याची ही पहिलीच मॅच होती आणि पहिल्याच मॅचला त्याला कॅप्टन केलं होतं. त्याचं नाव अँड्र्यू वॉटसन. तो कॅरिबियनमध्ये जन्मलेला होता आणि कृष्णवर्णीय होता.

साल लक्षात घ्या, १८८१. अमेरिकेत गुलामगिरी कायद्यानं संपून जेमतेम १६ वर्षं झाली होती. इकडं पुण्यात त्याच वर्षी केसरी सुरू झाला होता. अशा काळात एका गोऱ्या देशाच्या टीमचं नेतृत्व एका कृष्णवर्णीय पोरानं केलं, आणि इंग्लंडला त्यांच्या राजधानीत जाऊन हरवलं.

एवढं मोठं काम केलेला माणूस. पण पुढची १०० वर्षं त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्याचा फोटो होता, त्याचे रेकॉर्ड होते, तरी तो हरवला. हे कसं झालं, हीच त्याची गोष्ट आहे.

जन्म साखरेच्या गावात

अँड्र्यू वॉटसनचा जन्म २४ मे १८५६ चा. गाव जॉर्जटाऊन, तेव्हाच्या ब्रिटिश गयानामधल्या डेमेरारा भागातलं.

आता गयाना कुठं आलं? नकाशात बघितलं तर दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाला. पण भाषा, खाणं, क्रिकेट सगळं वेस्ट इंडिजचं. दोन वर्ल्ड कप जिंकणारा क्लाइव्ह लॉईड जॉर्जटाऊनचाच. सुनील गावसकरांनी ज्याच्यावरून आपल्या पोराचं नाव रोहन ठेवलं, तो रोहन कन्हायसुद्धा गयानाचाच.

आणि कन्हायसारखं आपल्याकडचं आडनाव तिकडं कसं पोहोचलं, याचं उत्तर साखरेत आहे.

डेमेरारा म्हणजे उसाचे मळे. आजही बाजारात डेमेरारा शुगर या नावानं तपकिरी साखर मिळते, ती या भागाच्या नावावरून. हे मळे ब्रिटिश मालकांचे आणि राबणारे हात आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे. १८३४ मध्ये ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली. तेव्हा सरकारनं २ कोटी पौंड नुकसानभरपाई ठरवली. मिळाली कुणाला, तर गुलामांच्या मालकांना. जे पिढ्यानपिढ्या राबले त्यांना एक दमडी मिळाली नाही.

गुलाम गेल्यावर मळ्यात काम कोण करणार, म्हणून मालकांनी भारताकडं बघितलं. जॉन ग्लॅडस्टन नावाचा बडा मळेवाला होता, ज्याचा पोरगा पुढं ब्रिटनचा पंतप्रधान झाला. त्यानं पुढाकार घेतला. ५ मे १८३८ ला व्हिटबी आणि हेस्पेरस ही दोन जहाजं कलकत्त्याहून सुमारे ४०० मजूर घेऊन गयानाला लागली. गिरमिटिया मजुरांची तिकडची सुरुवात ती.

या घटनेनंतर १८ वर्षांनी अँड्र्यू जन्मला.

त्याचे वडील पीटर मिलर वॉटसन हे स्कॉटलंडच्या घराण्यातले श्रीमंत मळेवाले. आईचं नाव हॅना रोझ, ती तिथलीच कृष्णवर्णीय बाई. वडिलांनी अँड्र्यू आणि त्याची मोठी बहीण अॅनेटा या दोघांना लहानपणीच ब्रिटनला आणलं. मळेवाल्यांना तिथल्या बायकांपासून झालेली पोरं ही त्या काळात काही नवी गोष्ट नव्हती. पण त्या पोरांना सोबत घेऊन जाणं, आपलं आडनाव लावणं, चांगल्या शाळेत घालणं, हे सगळ्यांच्या नशिबात नव्हतं.

हॅना रोझचं नाव मात्र या गोष्टीत इथंच मागं पडतं.

ग्लासगोत आला इंजिनिअर व्हायला, झाला फुटबॉलर

अँड्र्यूला आधी यॉर्कशायरमधल्या हॅलिफॅक्सच्या हीथ ग्रामर स्कूलमध्ये घातलं. तो १३ वर्षांचा असताना, १८६९ मध्ये वडील लंडनमध्ये वारले. पण जाताना दोन्ही पोरांच्या नावावर चांगली मोठी रक्कम ठेवून गेले. आई समुद्रापलीकडं, वडील गेलेले, पण पैशाची चिंता नाही, अशी पोराची अवस्था. १८७१ मध्ये तो लंडनच्या किंग्ज कॉलेज स्कूलमध्ये दाखल झाला. अभ्यास ठीक होता आणि खेळात तर तो पुढंच होता.

१८७५ मध्ये, वयाच्या १९ व्या वर्षी तो ग्लासगो युनिव्हर्सिटीत गेला. विषय होते गणित, भौतिकशास्त्र आणि इंजिनिअरिंग. पण वर्षभरातच त्यानं युनिव्हर्सिटी सोडली. वडिलांकडून आलेला पैसा होता, त्यातून तो ग्लासगोतल्या एका घाऊक मालाच्या धंद्यात भागीदार झाला. १८७७ च्या नोव्हेंबरमध्ये त्यानं लग्न केलं. बायको जेसी निम्मो आर्मर, एका फर्निचर बनवणाऱ्या कारागिराची पोरगी. पुढं त्यांना रुपर्ट आणि अॅग्नेस ही दोन मुलं झाली.

धंदा, संसार सगळं मार्गी लागलं होतं. पण गड्याचं मन फुटबॉलमध्ये होतं. आणि त्या काळात फुटबॉलसाठी ग्लासगोहून भारी शहर जगात दुसरं नव्हतं.

ते का, हे समजण्यासाठी तेव्हाचा फुटबॉल समजून घ्यायला लागतो.

इंग्लंडचा फुटबॉल आणि स्कॉटलंडचा फुटबॉल

आज आपण जो फुटबॉल बघतो, त्यात बॉल या खेळाडूकडून त्या खेळाडूकडं फिरत असतो. पण सुरुवातीला इंग्लंडमध्ये असं कुणी खेळायचंच नाही. ज्याच्या पायात बॉल आला त्यानं मान खाली घालायची आणि समोर पळत सुटायचं. बाकीचे त्याच्या मागं. त्याचा बॉल हुकला की मागच्यानं तो घ्यायचा आणि परत तेच. दुसऱ्याला पास देणं म्हणजे जरा कमीपणाचंच काम.

३० नोव्हेंबर १८७२ ला ग्लासगोत जगातली पहिली अधिकृत आंतरराष्ट्रीय फुटबॉल मॅच झाली, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडनं तब्बल आठ फॉरवर्ड उतरवले होते. स्कॉटलंडची पोरं अंगानं हलकी, धक्काबुक्कीत टिकणार नव्हती. मग त्यांनी बॉल एकमेकांना द्यायला सुरुवात केली. मॅच ०-० सुटली, पण खेळाची दिशा तिथून बदलली. स्कॉटलंडचे त्या दिवशीचे अकराच्या अकरा खेळाडू एकाच क्लबचे होते. त्या क्लबचं नाव क्वीन्स पार्क.

क्वीन्स पार्कनं हा पासिंगचा खेळ इतका घासूनपुसून तयार केला, की स्कॉटलंडसमोर इंग्लंडची बोलती बंद झाली. १८७२ ते १८८२ या काळात दोघांत ११ मॅचेस झाल्या. त्यातल्या ७ स्कॉटलंडनं जिंकल्या, इंग्लंडला फक्त २ जिंकता आल्या.

वॉटसन या खेळात फुल बॅक होता. तेव्हा आजच्यासारखी मिडफिल्डरची फळी नव्हती. गोलकीपरच्या पुढं दोन फुल बॅक, त्यांच्या पुढं दोन हाफ बॅक आणि मग सहा फॉरवर्ड. म्हणजे समोरून अख्खी फौज अंगावर आली की अडवायला माणसं मोजकीच. त्यांनी नुसतं अडवून भागायचं नाही, बॉल बरोबर आपल्या माणसाकडं पोहोचवायचा, की तिथून पासिंग सुरू.

वॉटसन हे काम चोख करायचा. अंगानं दणकट, पळायला वेगवान, टॅकल करण्यात तरबेज आणि लाथ अशी की बॉल जिथं पाठवायचा तिथंच जाणार. तेव्हाच्या स्कॉटिश फुटबॉलच्या वार्षिकांमध्ये त्याची गणना देशातल्या सगळ्यात चांगल्या बॅकमध्ये केलेली आहे.

खेळाडूही तोच, सेक्रेटरीही तोच

ग्लासगोत तो आधी मॅक्सवेल नावाच्या क्लबकडून खेळला, नंतर पार्कग्रोव्हकडून. पार्कग्रोव्हमध्ये त्यानं खेळण्यासोबत सेक्रेटरीचं कामही घेतलं. मॅचेस ठरवायच्या, पत्रव्यवहार बघायचा, ग्राउंडची व्यवस्था करायची. फुटबॉल क्लबच्या कारभारात बसलेला पहिला कृष्णवर्णीय माणूस म्हणून आज त्याचं नाव घेतलं जातं.

१८८० च्या एप्रिलमध्ये त्याला थेट क्वीन्स पार्कनं घेतलं. आज बार्सिलोना किंवा रिअल माद्रिदनं घ्यावं, तसला हा प्रकार. फरक एवढाच, की इथं पैसा मिळायचा नाही. क्वीन्स पार्कचा नियम होता, खेळायचं ते हौसेनं, एक पैसा न घेता. पुढं अख्खं जग प्रोफेशनल झालं तरी या क्लबनं हा नियम २०१९ पर्यंत पाळला.

क्वीन्स पार्कसोबत वॉटसननं १८८१ आणि १८८२ अशी लागोपाठ दोन वर्षं स्कॉटिश कप जिंकला. दोन्ही वेळी फायनलला समोर डम्बर्टन होतं. इतका मोठा कप जिंकणारा तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. १८८१ च्या नोव्हेंबरमध्ये क्लबनं त्याला सेक्रेटरी केलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात तगड्या फुटबॉल क्लबचा कारभार गयानात जन्मलेल्या या २५ वर्षांच्या पोराच्या हातात आला.

तीन मॅचेस, तीन विजय

या काळातच तो १२ मार्च १८८१ चा दिवस आला. ओव्हलवर वॉटसन कॅप्टन म्हणून उतरला. पुढच्या फळीत जॉन स्मिथनं तीन गोल मारले आणि मागं इंग्लंडच्या फॉरवर्डना दिवसभरात एकच गोल करता आला.

दोनच दिवसांनी, १४ मार्चला स्कॉटलंडची टीम वेल्समधल्या रेक्सहॅमला होती. तिथं वेल्सला ५-१ नं हरवलं. वॉटसन या टीममध्येही होता.

वर्षभरानं, ११ मार्च १८८२ ला इंग्लंडचा संघ बदला घ्यायला ग्लासगोत आला. ग्राउंड होतं क्वीन्स पार्कचं हॅम्पडन पार्क, म्हणजे वॉटसनचं घरच. निकाल परत तोच, स्कॉटलंड ५, इंग्लंड १.

तीन मॅचेस, तिन्ही जिंकल्या. स्कॉटलंडनं गोल केले १६ आणि खाल्ले फक्त ३. बॅक म्हणून खेळणाऱ्या माणसाचं प्रगतिपुस्तक याहून चांगलं काय असणार?

पण चौथी मॅच कधी आलीच नाही.

चौथी मॅच का आली नाही?

कारण रंग नव्हतं, पत्ता होता.

१८८२ मध्ये वॉटसन कामासाठी लंडनला राहायला गेला. आणि तेव्हा स्कॉटलंडचा शिरस्ता होता, की देशाकडून तोच खेळणार जो स्कॉटलंडमध्येच राहतो आणि खेळतो. इंग्लंडमध्ये गेलेल्या खेळाडूचा विचारच व्हायचा नाही. हे बंधन सुटलं १८९६ मध्ये. तोपर्यंत वॉटसन चाळिशीला पोहोचला होता. २५ व्या वर्षी, ऐन भरात असताना त्याचं आंतरराष्ट्रीय करिअर संपलं.

लंडनला गेल्यावर काही दिवसांतच दुसरा घाव बसला. १८८२ मध्येच बायको जेसी वारली. दोन लहान पोरं होती. त्यांना ग्लासगोला आजी-आजोबांकडं पाठवलं. वॉटसन लंडनमध्ये एकटा राहिला.

त्यातही फुटबॉल थांबला नाही. लंडनच्या स्विफ्ट्स क्लबकडून तो एफए कप खेळला. या स्पर्धेत खेळलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून इतिहासात त्याचीच नोंद आहे.

आणि मग झाली या गोष्टीतली सगळ्यात मजेशीर गोष्ट.

स्कॉटलंडकडून दरवर्षी मार खाऊन इंग्लंडवाले वैतागले होते. लंडनमधल्या एन. एल. जॅक्सन या फुटबॉल कारभाऱ्यानं त्यावर डोकं लावलं. आपली पोरं एकत्र खेळतच नाहीत, मग त्यांच्यात ताळमेळ कुठून येणार? म्हणून त्यानं १८८२ मध्ये देशातले निवडक हौशी खेळाडू एकत्र आणून एक क्लब काढला, कोरिंथियन्स. काढला होता स्कॉटलंडला हरवण्यासाठी. आणि १८८४ मध्ये या क्लबनं आवतण दिलं कुणाला, तर इंग्लंडला ६-१ नं हरवणाऱ्या स्कॉटलंडच्या कॅप्टनला.

वॉटसन गेला आणि खेळला. त्याच मोसमात कोरिंथियन्सनं ब्लॅकबर्न रोव्हर्सला ८-१ नं हरवलं. ब्लॅकबर्न म्हणजे तेव्हाचे एफए कप विजेते. १८८६ मध्ये स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडची जी टीम उतरली, त्यात ११ पैकी ९ खेळाडू कोरिंथियन्सचे होते. ज्या पासिंगनं इंग्लंडला हरवलं होतं, तेच पासिंग आता इंग्लंडचे खेळाडू शिकले होते. हे शिकवणारा वॉटसन एकटा नव्हता. स्कॉटलंडहून गेलेल्या कितीतरी खेळाडूंचा त्यात हात आहे. पण इंग्लंडच्या सगळ्यात नावाजलेल्या क्लबात, रोजच्या खेळात सोबत उतरून हे दाखवणाऱ्यांमध्ये तो होता.

या क्लबचा दबदबा असा होता, की पुढं १९१० मध्ये तो ब्राझीलच्या दौऱ्यावर गेला आणि तिथल्या पोरांनी त्याच्या नावावरून आपला क्लब काढला. ब्राझीलचा आजचा कोरिंथियन्स तो हाच.

फुटबॉलमधून जहाजाच्या इंजिनरूममध्ये

वॉटसन मधल्या काळात ग्लासगोला परतला. १८८६ मध्ये क्वीन्स पार्कनं फायनलला रेंटनचा पराभव करून परत स्कॉटिश कप जिंकला, त्या टीममध्ये तो होता. हा त्याचा तिसरा स्कॉटिश कप. १८८७ मध्ये त्यानं दुसरं लग्न केलं, एलिझा केट टायलरशी. या संसारात त्याला आणखी दोन मुलं झाली. त्याच वर्षी तो लिव्हरपूलजवळच्या बूटल क्लबकडून खेळायला गेला.

फुटबॉल संपल्यावर काय, हा प्रश्न त्याच्यापुढंही होताच. तेव्हा ना पेन्शन, ना कॉमेंट्रीचं काम. वडिलांचा पैसा तरी कुठवर पुरणार? मग तरुणपणी अर्धवट सोडलेलं इंजिनिअरिंग त्यानं परत हातात घेतलं. तिशी ओलांडल्यावर परीक्षा दिल्या आणि तो जहाजावर इंजिनिअर झाला. ज्यानं ओव्हल आणि हॅम्पडन गाजवलं, तो माणूस लिव्हरपूलहून सुटणाऱ्या जहाजांच्या पोटात, वाफेच्या इंजिनांच्या धगीत वर्षानुवर्षं राबला.

नोकरी संपल्यावर तो कुटुंबासह लंडनच्या क्यू भागात राहायला गेला. तिथंच ८ मार्च १९२१ ला न्यूमोनियानं त्याचा मृत्यू झाला. वय ६४. जवळच्या रिचमंडच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

ओव्हलच्या मॅचला तेव्हा बरोबर ४० वर्षं होत आली होती. चारच दिवस कमी होते.

विसरले कसे?

आता मूळ प्रश्न. एवढा मोठा खेळाडू विसरला कसा गेला?

पहिलं कारण त्याचं नाव. अँड्र्यू वॉटसन हे इतकं अस्सल स्कॉटिश नाव आहे, की जुन्या रेकॉर्डमध्ये वाचणाऱ्याला शंकाच येत नाही. स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड, १८८१, कॅप्टन ए. वॉटसन. वाचणाऱ्यानं वाचलं आणि पुढचं पान उलटलं.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. तेव्हाच्या मॅचच्या बातम्यांमध्ये वॉटसनच्या खेळाबद्दल भरभरून लिहिलेलं सापडतं, पण त्याच्या रंगाचा उल्लेख फार क्वचित. सगळे काळे बूट घालायचे आणि त्यानं तपकिरी घातले होते, याची नोंद एका बातमीत सापडते. त्याच्या कातडीबद्दल चकार शब्द नाही.

मग तेव्हा वर्णभेद नव्हता का? तर होता. १८८० च्या दशकातल्याच एका क्रीडा नियतकालिकात त्याची ओळख करून देताना लिहिलेलं आहे, की समोरच्या खेळाडूंनी त्याला मैदानात एकापेक्षा जास्त वेळा घाणेरड्या शिव्या घातल्या, पण हा कधी बिथरला नाही. पण वॉटसनकडं एक ढाल होती, ती म्हणजे त्याचा वर्ग. बड्या घरचं आडनाव, नामांकित शाळा, धंद्यात भागीदारी, पैसे न घेता खेळायची ऐपत. त्या काळच्या ब्रिटनमध्ये हे सगळं असलं, की माणूस जंटलमन ठरायचा आणि त्याच्या रंगाकडं जरा काणाडोळा केला जायचा.

आणि ती ढाल आली कुठून? तर डेमेराराच्या साखरेतून. ज्या मळ्यांनी त्याच्या आईच्या माणसांना गुलाम केलं, त्याच मळ्यांच्या पैशावर पोरगा शिकला आणि इंग्लंडविरुद्ध कॅप्टन झाला. त्याच्या गोष्टीतली ही सगळ्यात अवघड गाठ आहे आणि ती सुटत नाही.

याउलट आर्थर व्हार्टन बघा. तो घानातल्या आक्राचा, गोलकीपर. पुढं तो पैसे घेऊन खेळला, त्यामुळं त्याची नोंद प्रोफेशनल खेळाडू म्हणून झाली. शेवटी खाणीत काम करून १९३० मध्ये गरिबीत वारला. अनेक वर्षं ब्रिटनमधला पहिला कृष्णवर्णीय फुटबॉलर म्हणून त्याचंच नाव सांगितलं जायचं. व्हार्टन मोठाच होता, पण वॉटसन त्याच्याही आधीचा.

१०० वर्षं विसरल्याची किंमत

विसरले तर विसरले, काय बिघडलं, असंही कुणी म्हणेल. बिघडलं ते असं.

जानेवारी १९८८. शहर परत ग्लासगो. रेंजर्सकडून खेळणारा कृष्णवर्णीय खेळाडू मार्क वॉल्टर्स सेल्टिकच्या ग्राउंडवर उतरला. स्टँडमधून त्याच्या अंगावर केळी फेकली गेली, माकडाचे आवाज काढले गेले. फुटबॉल हा आमचा खेळ, हा बाहेरचा कुठून आला, असा तो सगळा माज होता. १०० वर्षांपूर्वी आपल्या देशाला इंग्लंडवरचा सगळ्यात मोठा बाहेरचा विजय मिळवून देणारा कॅप्टन कृष्णवर्णीय होता, हे त्या स्टँडमध्ये कुणाला माहीतच नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं.

आकडे बघितले तरी हीच गोष्ट दिसते. १८८२ नंतर स्कॉटलंडच्या टीममध्ये गोरा नसलेला खेळाडू यायला १९७५ उजाडलं. तो पॉल विल्सन, सेल्टिकचा, ज्याचा जन्म आपल्या बंगळुरूचा. तो एकच मॅच खेळला. आणि वॉटसननंतर स्कॉटलंडकडून खेळणारा पुढचा कृष्णवर्णीय खेळाडू नायजेल क्वाशी. साल २००४. मधे गेली १२२ वर्षं.

इंग्लंडचं सांगायचं तर त्यांच्या सीनियर टीमकडून पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, व्हिव्ह अँडरसन, १९७८ मध्ये खेळला. आणि पहिला कृष्णवर्णीय कॅप्टन, पॉल इन्स, १९९३ मध्ये झाला. स्कॉटलंडनं हे ११२ वर्षं आधी करून ठेवलं होतं आणि स्वतःच विसरून गेलं होतं.

परत सापडला

वॉटसन परत सापडला तो जुन्या फोटोंमधून. स्कॉटिश फुटबॉल म्युझियम उभं राहताना गेड ओब्रायन आणि इतर अभ्यासकांनी जुने फोटो, रेकॉर्ड चाळायला सुरुवात केली. १८८० च्या दशकातल्या टीमच्या फोटोंमध्ये मिशीवाल्या गोऱ्या खेळाडूंच्या मधोमध एक कृष्णवर्णीय चेहरा होता. मग हा कोण, म्हणून शोध सुरू झाला.

त्याचं पुढं काय झालं, हे शोधायलाही बराच वेळ गेला. तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथंच वारला, असं अनेक वर्षं छापून येत होतं. इतिहासकार अँडी मिशेल यांनी कागदपत्रं लावत लावत त्याचा माग काढला आणि तो लंडनमध्येच वारला हे समोर आलं. रिचमंडच्या दफनभूमीत त्याची कबर सापडली, तेव्हा तिची पार दुरवस्था झाली होती. फुटबॉलवेड्या लोकांनी पैसे गोळा करून ती नीट करून घेतली.

२०१२ मध्ये स्कॉटिश फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली. ग्लासगोत जिथं पहिलं हॅम्पडन पार्क होतं, तिथल्या भिंतीवर आज त्याचं मोठं चित्र आहे. आणि ज्या मार्क वॉल्टर्सवर ग्लासगोत केळी फेकली होती, त्याच वॉल्टर्सनं पुढं वॉटसनच्या वाटेचा शोध घेणारी डॉक्युमेंटरी केली.

विशेष म्हणजे वॉटसनला कुणी लपवून ठेवलं नव्हतं. फोटोत तो पहिल्यापासून मधोमध बसलेला होता. १०० वर्षं तो फोटो बघणाऱ्या कुणालाच, हा मधला माणूस कोण, असं विचारावंसं वाटलं नाही, इतकंच.